मालकाने वसविलेले गाव

एखाद्या कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी घरे बांधली, शाळा काढली, दवाखाना उघडला, रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावली, की त्याच्याविषयी दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक पक्ष म्हणतो, केवढा हा उदार पुरुष! दुसरा म्हणतो, उदार कसला? दुभत्या गाईला पेंड घातली, इतकेच. हा वाद दोनशे वर्षांचा जुना आहे, आणि दोन्ही पक्षांना आपापल्या बाजूचे पुरावे हवे तितके सापडत असल्यामुळे तो मिटण्याचे लक्षण दिसत नाही. श्रोतेहो, मालकाच्या अंतःकरणात काय होते ते पाहण्याचे साधन आपल्यापाशी नाही. पण त्याने बांधलेल्या गावाची वेस कोठे होती, त्या वेशीच्या आत कोणाला जागा मिळाली आणि बाहेर कोण राहिले, हे मात्र कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. मी बीड जिल्ह्यातील लिंबागणेशचा. बालाघाटाच्या डोंगरातले आमचे लोक अशा वेशीबाहेर कित्येक वर्षे राहत आले आहेत. त्यामुळे ही वेस आम्हांला जरा लवकर दिसते.

महाराष्ट्रात अशा गावाचे नाव घ्यावयाचे तर आधी किर्लोस्करवाडीचे घेतले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, बेळगावास येऊन सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करण्याचा लहानसा कारखाना काढला. नांगर विकताना त्यांना फार कष्ट पडले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तो अडथळा ओलांडतात न ओलांडतात तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा घ्यावयाची ठरविली आणि कारखाना हलविणे भाग पडले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपल्या थोड्याशा सहकाऱ्यांसह त्या माळावर उतरले. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे दुसरी वस्ती नव्हती.

आता या माळावर लोहार, सुतार, ओतारी कोठून यावयाचे? आले तरी राहावयाचे कोठे? मीठमिरचीला दुकान नाही, प्यावयास पाणी नाही, मूल तापाने फणफणले तर वैद्य नाही. घरे बांधल्यावाचून नांगराचा एक फाळही तयार होणे शक्य नव्हते. तेथे घर हा भट्टीइतकाच आणि चरकाइतकाच कारखान्याचा भाग होता. म्हणून ‘केवळ कामगारांच्या प्रेमापोटी वाडी वसली’ असे कोणी म्हणू लागला, तर ते मला खरे वाटत नाही.

पण येथेच थांबलो तर लक्ष्मणरावांवर अन्याय होईल. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना, ज्यांना गावोगावचे पाटील दारात उभे करीत नसत, त्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या रखवालीवर नेमले. अस्पृश्यता त्यांना मान्य नव्हती, आणि ती त्यांनी आपल्या वाडीत चालू दिली नाही. या गोष्टींतून नांगराच्या विक्रीत एका रुपयाचीही भर पडण्याजोगी नव्हती. उलट चार गिऱ्हाइके बिथरण्याचाच संभव अधिक. ‘किर्लोस्कर’ मासिकाचेही तसेच. १९२० साली ते ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघाले, ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे पाहता पाहता महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक झाले. पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच माळावरून निघाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजी-आजोबांच्या घरी ती येत असतील. हिशेबातून जन्मलेली वस्तू कधी कधी हिशेबाच्या बाहेर वाढते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

या वाडीच्या शेजारी मुंबई ठेवून पाहावी. मुंबईत १८५६ पासून कापडाच्या गिरण्या चालू झाल्या आणि त्यांच्या मालकांनी अपार संपत्ती मिळविली. ही मंडळी काही पाषाणहृदयी नव्हती. इस्पितळे, धर्मशाळा, पाणपोया, शाळा यांना त्यांनी दिलेल्या देणग्यांचे शिलालेख शहरात जागोजाग आहेत. तरीसुद्धा गिरणीमजुरांच्या मानाने पाहता मालकांनी बांधलेल्या खोल्या अगदीच थोड्या. मजूर राहिले ते खासगी घरमालकांच्या चाळींत, एका खोलीत दहा दहा, पाळीपाळीने झोपत. असे का झाले? दयाबुद्धी मुंबईत कमी आणि कुंडलच्या माळावर जास्त होती म्हणून? मला तसे वाटत नाही. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून माणसे आपल्या पायांनी येत होती आणि बदलीच्या कामासाठी पहाटे गिरणीच्या दारात उभी राहत होती. ज्याच्या दारात माणसे आपण होऊन उभी राहतात, त्याला त्यांच्यासाठी घर बांधण्याची निकड भासत नाही. शेवटी ते काम सरकारला करावे लागले. १९२० साली मुंबई इलाख्याच्या सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते काढले. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला होता. हा एक रुपया आपण ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे. भाडे परवडेना म्हणून या खोल्यांतील पुष्कळशा आरंभी कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या होत्या, हीही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

विलायतेत हा विचार सर्वांत स्वच्छपणे मांडला तो रॉबर्ट ओवेन याने. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सुताच्या गिरण्यांचा कारभार १८०० साली त्याच्या हाती आला. दहा वर्षांखालील मुलांना त्याने कामावर घेणे बंद केले, त्यांच्यासाठी शाळा काढली, धान्य-कापडाचे दुकान रास्त भावाने चालविले. इतर गिरणीवाल्यांना उद्देशून त्याने जो युक्तिवाद केला तो मोठा मार्मिक आहे. त्याचा आशय असा की, तुम्ही निर्जीव यंत्रांना तेल घालता, पुसता, जपता आणि त्यात फायदा आहे हे जाणता. मग त्याहून कितीतरी नाजूक अशा सजीव यंत्रांची निगा राखण्यात फायदा नाही काय? म्हणजे दयेचा उपदेश करणाऱ्यालाही नफ्याच्या भाषेत बोलावे लागले. एरवी त्याचे ऐकले कोणी असते? पण अमेरिकेने कापूस पाठविणे बंद केले आणि गिरण्या चार महिने थांबल्या, तेव्हा ओवेनने कामगारांना घरी बसवून पुरी मजुरी दिली. मजुरांचा विश्वास त्याने त्या चार महिन्यांत मिळविला.

याच्या उलट टोकाचे गाव म्हणजे अमेरिकेतील पुलमन. रेल्वेचे झोपण्याचे डबे बनविणाऱ्या जॉर्ज पुलमनने ते १८८० पासून शिकागोच्या दक्षिणेस वसविले. घरे विटांची, बागा, वाचनालय, नाट्यगृह. पाहुणे दुरून पाहावयास येत. १८९३ साली मंदी आली. पुलमनने मजुरी सुमारे चतुर्थांशाने उतरविली आणि घरभाडे मात्र होते तेवढेच ठेवले. मजुरी देणाराही तोच आणि भाडे घेणाराही तोच! पुढल्या वर्षी संप झाला, रेल्वे थांबल्या, लष्कर आले, माणसे मेली. १८९८ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, डबे करणाऱ्या कंपनीने गावाची मालकी बाळगण्याचे कारण नाही. घर सुंदर असले तरी कामाबरोबर जे घर जाते, त्यात राहणाऱ्या माणसाचा आवाज नेहमी थोडा खालच्या पट्टीतच राहतो.

या दृष्टीने मला नागपूरच्या एम्प्रेस मिलचे एक काम अधिक आवडते. जमशेटजी टाटांनी ती गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. तेथे पहिली अडचण आली ती मजुरांच्या गैरहजेरीची. त्यावर दंडाचा बडगा न उचलता १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई असे उपाय करण्यात आले. पुढे इंदोरा येथे या गिरणीने कामगारांची जी वसाहत वसविली, तीत कामगाराने गिरणीकडून कर्ज घेऊन आपले घर आपण बांधावे, अशी योजना होती. उद्देश मजूर टिकावा हाच. पण घर मजुराचे. गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. भाड्याच्या खोलीतून माणूस त्या दिवशी निघतो, स्वतःच्या घरातून निघत नाही.

आता साखरेकडे वळू, कारण आमचा संबंध तेथे येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, कळंब या गावी, नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारला. १९३० नंतरच्या दशकात तेथे वालचंदनगर झाले. पुढे साखरेबरोबर तेथे मोठी यंत्रेही होऊ लागली. आपल्या देशाच्या अग्निबाणांचे भाग तेथे तयार झाले आहेत. उजाड माळावर गाव उठविण्याची ही कामगिरी किर्लोस्करवाडीच्याच जातीची. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना निघाला आणि १९५० पासून त्याचा धुराडा पेटला. येथे तर मालक म्हणून कोणी शेठ नव्हताच; ऊस पिकविणारा शेतकरीच सभासद आणि सभासदच मालक. अशा कारखान्यांच्या भोवती शाळा, महाविद्यालये, इस्पितळे उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्राचा कायापालट झाला असे जे म्हणतात, ते खोटे नाही.

परंतु नांगराच्या कारखान्यात आणि साखरेच्या कारखान्यात एक भेद आहे. ओतारी बारमाही लागतो. ऊस तोडणारा मात्र दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच लागतो. उसाचा धंदा दोन प्रकारच्या माणसांवर चालतो : एक, कारखान्याच्या पटावरचा, ज्याला वसाहतीत खोली मिळते, दुसरा, कोयता घेऊन फडात उतरणारा, जो कारखान्याच्या कोणत्याही पटावर नसतो. तो मुकादमाचा माणूस. मुकादम त्याला पावसाळ्यातच उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत ते दोघे बांधलेले. एक दिवस न गेले तर खाडा, म्हणजे तेवढी रक्कम कापली जावयाची. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या जिल्ह्यातून जाणारा हा लोंढा फार वाढला.

एका कारखान्याच्या तळावर मी गेलो होतो, तो माझ्या वर्गातली मुले शोधावयास. दसरा झाला की हजेरीपटावर एकेका नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होत आणि उन्हाळ्यापर्यंत तशाच चालत. ती मुले कोठे राहतात हे तरी पाहून यावे म्हणून गेलो. रस्त्याच्या एका अंगास कारखान्याची वसाहत होती; दुमजली इमारती, नळ, बाग, बालवाडी. दुसऱ्या अंगास कोप्या. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर चटई नाहीतर पाचट घातलेले खोपटे. आत माणसाला ताठ उभे राहता येत नाही. बायका पहाटे तीनला उठून चूल पेटवीत, भाकरी बांधून घेऊन अंधारातच फडावर जात. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी शेजारच्या शेतातून मागून आणावयाचे. माझ्या तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपी राखीत बसली होती. मला पाहून ती उठली आणि वर्गात म्हणतात तसे ‘नमस्ते गुरुजी’ म्हणाली. त्या कारखान्याचे चालक वाईट लोक होते असे मुळीच नव्हे. त्यांच्यापैकी एकाने मला आग्रहाने चहा पाजला आणि आपल्या शाळेची नवी प्रयोगशाळा मोठ्या अभिमानाने दाखविली.

त्या दिवसापासून दया की नफा हा प्रश्न मला निराळा दिसू लागला. मालकाला घर कशासाठी बांधावे लागते? माणूस धरून ठेवण्यासाठी. कुंडलच्या माळावर घरावाचून माणूस टिकत नव्हता म्हणून घर झाले. उसाच्या फडात तेच काम उचल करते, आणि ती घराहून कितीतरी स्वस्त पडते. शिवाय घर बांधून द्यावयाचे आणि उचल फेडून घ्यावयाची. म्हणून एकाच रस्त्याच्या एका बाजूस बाग होते आणि दुसऱ्या बाजूस पाचट. मालक एकटा असो की वीस हजार सभासदांचा असो, दयाबुद्धी बहुधा नफ्याने आखलेल्या वेशीच्या आतच फुलते. तेथे ती खरीही असते. वेस ओलांडून जाणारे मोजके निघतात, आणि म्हणूनच आपण त्यांची नावे लक्षात ठेवतो.

या वेशीबाहेर राहण्याची किंमत किती, याचा एक आकडा सांगतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. याला कारणे अनेक आहेत, आणि त्यांत पैशाच्या लोभाने सुरी चालविणारे डॉक्टरही आले. पण सहा महिने न्हाणीवाचून, संडासावाचून, विसाव्याच्या एका दिवसावाचून राहणाऱ्या बाईला पोटाचे दुखणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे कर्ज. ते दुखणे एकदाचे कापून टाका असे तिला वाटले तर नवल नाही.

चहाच्या मळ्यांचे मालक आमच्या साखर कारखानदारांहून अधिक दयाळू होते असे कोणी म्हणणार नाही. आसामच्या मळ्यांचा इतिहास तर फारच काळा आहे. पण तेथे १९५१ च्या मळेकामगार कायद्याने मजुराला घर देणे मालकावर बंधनकारक केले. घरे चांगली झाली की वाईट हा वाद निराळा. वाईट झाली तर भांडावयास आधार तरी होता. चहा, कॉफी, रबर, सिंकोना यांना तो कायदा लागू झाला. ऊस त्यात आला नाही. कारण उसाचा मळा एका मालकाचा नसतो, हजार शेतकऱ्यांचा असतो. मग तोडणाऱ्याचा मालक कोण? शेतकरी म्हणतो कारखाना, कारखाना म्हणतो मुकादम, आणि मुकादम म्हणतो, मीही उचल घेतलेलाच माणूस आहे. मालक कोण हेच जेथे ठरत नाही, तेथे त्याचे अंतःकरण तपासावे तरी कोणाचे?

अलीकडे काही हालचाल झाली आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ निघाले असून त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये द्यावे आणि शासनाने तेवढीच भर घालावी, असे ठरले आहे. मुंबईच्या कापसाच्या गाठीवरचा एक रुपया तो हाच. शंभर वर्षांनी तो उसाच्या टनावर बसला. २०२१ साली ४१ तालुक्यांत कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहे काढण्यासही मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मूल गावी राहील, शाळेत जाईल, ही गोष्ट थोडी नव्हे. हजेरीपट सांभाळलेल्या माणसाला तिचे मोल कळते.

मात्र त्यात एक खोच आहे आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. किर्लोस्करवाडी असो, न्यू लॅनार्क असो, तेथे कामगाराला निदान आपल्या बायकामुलांसह एका छपराखाली राहता आले. वसतिगृहाच्या योजनेत मूल पक्क्या इमारतीत आणि आई पाचटाखाली, अशी वाटणी होते. सहा वर्षांचे पोर सहा महिने आईवाचून काढते. हे टनामागचे दहा रुपये केवळ आमच्या गावांकडे न पाठविता त्यांतला काही भाग कारखान्याच्या तळावरच का खर्च होऊ नये? साध्या विटांच्या खोल्या, वर पत्रा, रांगेने नळ, बायकांसाठी दार लागणारी न्हाणी आणि संडास, आणि तेथेच हंगामापुरती शाळा. साखरशाळा म्हणून हा प्रयोग काही ठिकाणी पूर्वी झालेलाही आहे. तळाची जागा कारखान्याची असते, पाणी कारखान्याचे असते, वीजही आता पुष्कळ कारखाने उसाच्या चोथ्यावर स्वतःच करतात आणि उरलेली विकतात. गाळप थांबले की खोल्यांना कुलूप लावावे आणि पुढल्या दसऱ्याला उघडावे. बीडहून, अहिल्यानगरहून, जालन्याहून गाड्या भरून निघतील तेव्हा चटया आणि बांबू गाडीत घ्यावे लागू नयेत, एवढीच मागणी आहे.